तिसऱ्या गाण्यातली हरवलेली मात्रा

माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट मुळापासून शिकलो, ती म्हणजे एका इंग्रजी अल्बमचं तिसरं गाणं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसलो, ते काही जमलं नाही. मोटारसायकल शिकलो ती थेट लग्नानंतर. पण ते तिसरं गाणं मला झोपेतून उठवून विचारा, खाटेच्या कडेवर दोन बोटांनी वाजवून दाखवतो. बायकोने अजून विचारलेलं नाही, तरी तिला ऐकावं लागतंच.

ही गोष्ट ऊर्जानगरची. वडील वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते आणि आमचं क्वार्टर अगदी शेवटच्या रांगेत होतं. आईने पांढरी चादर दोरीवर टाकली की वाळेपर्यंत ती राखाडी होऊन जाई. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होतो. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे नुसते भाऊ म्हणत. भाऊ मूळचे भजनातले पेटीवाले, पुढे कीबोर्डवर आले. गोंडपिपरीपासून मोहर्लीपर्यंत कुठेही लग्न असो, साखरपुडा असो की ग्रामपंचायतीचा विजय असो, आमचा टेम्पो हजर. त्या टेम्पोतली निम्मी जागा माझा ड्रमसेट खायचा आणि भाऊंच्या डोळ्यात तो कुसळासारखा सलायचा.

त्यातच बाजारात ऑक्टोपॅड आला. टिफिनच्या थोराड भावाएवढं यंत्र, त्यावर आठ रबरी चौकोन. काडी मारली की हवं तर ड्रम वाजतो, हवं तर ढोलकी, एका चौकोनातून तर काच फुटायची. भाऊंनी तो आणला आणि आठवडाभर सारख्या काचाच फोडल्या.

"हे पाय," ते मला म्हणाले, "हे मांडीवर मावते. तुया त्या मोठ्या ढोलाले उचलाले मले दोन माणसं लागते. असाच राह्यला तर सेट तुया घरी जाईन, सांगून ठेवतो."

मी म्हणालो, "भाऊ, रबराला काडी मारणं म्हणजे फोटोला भात भरवणं आहे."

"फोटो डिझेल नाई खात," भाऊ म्हणाले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. ड्रमसेट टेम्पोत राहणार की घरी जाणार? घरी गेला तर आईने त्यावर काय काय वाळत घातलं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं.

अशात वीज केंद्रात एक तरुण इंजिनियर साहेब बदलून आले. पुण्याकडचे, सडपातळ, ड्युटीवरून आल्यावर व्हरांड्यात बसून गिटार वाजवणारे. मी सायकलवरून जाताना फाटकाशी थांबलो तर त्यांनी विचारलं, "आवडतं का?" मी सांगितलं, मी ड्रम वाजवतो.

"खरे ड्रम? पायाने वाजवायचे वगैरे?"

"हो. चार वर्षं झाली."

साहेब आत गेले आणि एक सीडी घेऊन आले. कडेकडेला धरून आणली, तव्यावरची पोळी आणावी तशी. हा अल्बम तू ऐकायलाच पाहिजेस, म्हणाले. माझ्याकडे सीडी लावायला काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, कॅसेटवर भरून घे, पण उद्या परत आण, आणि सीडीच्या पोटाला हात लावू नकोस.

कॅसेट भरून देणारे म्हणजे आमचे चाचा. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान होतं, सात फूट बाय पाच फूट. कव्वाली, भीमगीतं, लग्नाची गाणी, मोहरमचे शोकाचे नोहे, सगळं एकाच फळीवर. रेडिओ, टेपरेकॉर्डर, इस्त्री, जे बंद पडेल ते चाचा दुरुस्त करत. तुटलेली टेप तर अशी जोडत की सांधा शोधून सापडू नये. त्यांनी नुकताच सीडी प्लेयर घेतला होता आणि त्यावर शिवणमशीनसारखं झाकण घातलं होतं.

"इंग्लिश काऊन भरून राह्यला बाबू? इकडं कोन ऐकते?"

"मी ऐकतो, चाचा."

दुसऱ्या दिवशी कॅसेट तयार होती. गाण्यांची नावं लिहिण्याच्या भानगडीत चाचा पडले नव्हते. आतल्या कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: इंग्लिश, ढोल जास्त.

मी पुढे बरंच संगीत ऐकलं, पण त्या अल्बमचं याहून नेमकं परीक्षण कुठे वाचलं नाही.

त्या अल्बममध्ये ड्रमवाला एकही ठोका मुकाट्याने वाजवत नाही. पहिल्या गाण्यात तो दोन मिनिटं नुसत्या झांजेच्या बोंडावर काडी टेकवत बसतो. मोठा ढोल समोर असताना त्याला पाय लावत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आता लावेल, मग लावेल, आणि तो लावतो तेव्हा आमच्या स्टीलच्या मांडणीवरच्या वाट्या हलत. दुसऱ्या गाण्यात गिटार चार मोजतं आणि हा तीन मोजतो. दोघं एकमेकांना ओळख न देता चालत राहतात आणि बाराव्या मात्रेवर अचानक गळाभेट. गाणारा माणूस सगळ्या अल्बमभर कशाने तरी दुखावलेला आहे. इंग्रजी मला अर्धं कळायचं, तरी त्याची बाजू खरी असणार याबद्दल मला शंका नव्हती. पाचवं गाणं मध्येच खट्‌ करून तुटायचं. तिथे कॅसेटची बाजू संपते एवढं मलाही कळत होतं, इतका काही मी भोळा नव्हतो.

पण तिसरं गाणं! सात मात्रांचं. म्हणजे आपला रूपक की हो, ज्यावर कॉलनीच्या भजनी मंडळात मी लहानपणी ढोलक बडवली होती. गोऱ्या लोकांच्या देशात असलं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार थांबतं, गाणारा थांबतो आणि ड्रमवाला एकटा चार आवर्तनं वाजवतो. सात, सात, सात आणि चौथं सहा! शेवटची मात्रा तो गिळतो आणि सगळे एकदम अंगावर येतात. जिना उतरताना पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथे जमीनच निघावी, तसं पोटात व्हायचं. ती गिळलेली मात्रा ऐकून मी पहिल्यांदा हातातला चहा सांडला. मग रिवाइंड करून मुद्दाम सांडतो का ते पाहिलं. परत सांडला.

ती मात्रा बसवायला मला दोन महिने लागले. सहावर थांबून सम पकडणं म्हणजे शिंक अर्ध्यात थांबवण्यासारखं आहे. मागच्या अंगणात सेट मांडून मी दुपारभर वाजवायचो. आई चादरी काढायला यायची.

"तू रोज एकाच जागी काऊन चुकून राह्यला रे?" तिने एकदा विचारलं.

"ती चूक नाही आई, तीच तर कला आहे."

"असन," ती म्हणाली, आणि चादर झटकून आत गेली.

कला अंगात भिनली की माणूस माती खातो. गोंडपिपरीच्या एका लग्नात नवरदेवाचे काका नाचत होते, पाचसहा जण, रुमाल तोंडात धरून. मला वाटलं, आज यांना थोडं सात मात्रांचं सुख द्यावं. भाऊ कीबोर्डवर चारातच होते. मी सातात गेलो. काकांचे पाय वर गेले आणि खाली कधी यायचं ते त्यांना कळेना. एक जण दुसऱ्याच्या पायावर आला, तिसरा मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला, आणि नवरदेव घोडीवरून ओरडला की वीज गेली काय.

भाऊंनी टेम्पोत बसेपर्यंत धीर धरला.

"माणसाले पाय किती असते?"

"दोन."

"मंग वरातीत सात कोनाले वाजवून राह्यला तू? आता एक डाव जरी हात वाकडा गेला ना, तर सेट तुया घरी अन् ऑक्टोपॅड माया मांडीवर. समजलं काय?"

मला समजलं. महिनाभर मी अगदी गायीसारखं चारात वाजवलं. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. ऑफिसर्स क्लबच्या वर्धापनदिनाला भाऊंचा ऑर्केस्ट्रा होता आणि मध्ये एक गाणं साहेबांना गिटारवर करायचं होतं. तेच, तिसरं. ड्रम मीच वाजवावेत अशी त्यांची अट होती. साहेबांचं नाव निघताच भाऊ नरम पडले. क्लबचा कार्यक्रम दर वर्षी मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती.

"वाजव," ते म्हणाले. "पन सायबासमोर शोभा झाली तर तिथूनच सेट घरी. तुया क्वार्टर जवळच हाय, ढकलत नेजो."

एकत्र तालीम अशी झालीच नाही. वीज केंद्रात दुरुस्तीचं शटडाऊन चालू होतं आणि साहेब बारा बारा तास बॉयलरपाशी असायचे. दोघांनाही गाणं पाठ आहे, मग तालीम कशाला, असं आम्ही ठरवून टाकलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी क्लबचं मैदान भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मोठे साहेब, मागे कुटुंबं, अगदी मागे सायकली धरून आमची कामगार कॉलनी. गाणं सुरू झालं. गायचं कोणी नव्हतं, साहेब सगळं गिटारवरच काढत होते, आणि काय काढत होते! एवढी वर्षं मी लग्नाच्या पंगतीला ताल धरला होता. त्या दिवशी पहिल्यांदा समोरचा माणूस माझं ऐकत होता. मला आनंदाने रडू यायला लागलं होतं, खरंच सांगतो.

दुसरं कडवं संपलं. साहेब थांबले, माझ्याकडे पाहून हसले. मी एकटा. सात. सात. सात. आणि मग सहा मोजून, दोन महिन्यांची सगळी मेहनत गोळा करून, मी मात्रा गिळली आणि मोठ्या झांजेवर दणका दिला.

दणका एकटाच पडला. गिटार नव्हतं. ते एका मात्रेने मागून आलं, बस सुटल्यावर धावत येणाऱ्या माणसासारखं. मला वाटलं, साहेब चुकले, सांभाळून घेऊ, म्हणून मी एक मात्रा थांबलो. नेमकं त्याच वेळी साहेबांनी मला गाठायला एक मात्रा उडवली. आता मी मागे, ते पुढे. मग मी उडवली, ते थांबले. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकत राहतात, तसं आमचं गाणं संपेपर्यंत चाललं. शेवट तर आम्ही दोनदा केला. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या, सभ्य माणसं होती.

स्टेजमागे भाऊ उभे होते. त्यांच्या काखेत ऑक्टोपॅड होता.

"उचल सेट," ते म्हणाले.

"भाऊ, थांबा," मागून साहेब आले. घामाने शर्ट चिकटला होता. "चूक माझी झाली. मी एक मात्रा जास्त मोजली. हा बरोबर वाजवत होता."

भाऊंनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ऑक्टोपॅड दुसऱ्या काखेत घेतला आणि स्टेजवर गेले. सेट टेम्पोत राहिला. मला साहेबांची कीव आली. एवढे शिकलेले, आणि सात मोजता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं. पोह्यांची बशी हातात दिली आणि हळूच विचारलं, "ते सहा तू कुठून आणलंस?"

"अल्बममधून."

"अल्बममध्ये चारही सातच आहेत."

मी हसलो. त्यांनी सीडी लावली. दुसरं कडवं संपलं, ड्रम एकटे सुरू झाले. सात. सात. सात. मी डोळे मिटून पोटातल्या खड्ड्याची वाट पाहत बसलो. सात. गिटार आलं, शहाण्या मुलासारखं, वेळेवर. जन्मभर मिशी असलेला काका एके दिवशी सफाचट होऊन दारात यावा, तसं मला झालं. ओळख पटेना. परत लावा म्हणालो. परत तेच.

मी सायकल मारत घरी गेलो, कॅसेट आणली. साहेबांनी ऐकली. चौथ्या आवर्तनाला ते खुर्चीतून अर्धे उठले, मग इतके हसले की पोह्यातला शेंगदाणा घशात अडकला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी रिवाइंड केलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते हसत नव्हते.

"च्यायला," ते म्हणाले, "हे जास्त चांगलं आहे. मला याची कॅसेट भरून दे."

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. काल ते बरोबर होते. आपण बरोबर आहोत हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळ्या क्लबसमोर त्यांनी चूक अंगावर घेतली. मी मात्र मान डोलावून उभा होतो. मला त्या बशीत तोंड लपवावंसं वाटलं. भाऊंना जाऊन खरं सांगतो, असं मी म्हणालो. "काही गरज नाही," साहेब म्हणाले. आणि मला लाज वाटते, पण ते असं म्हणाले याचा मला फार आनंद झाला. मी सांगितलं नाही.

चाचांकडे मात्र गेलो. तिसऱ्या गाण्यात काही कापलं होतं का, असं विचारल्याबरोबर त्यांनी दोन्ही कान पकडले.

"चेक करून राह्यलो होतो बाबू, तं मशीननं टेप चावून टाकली. चुरगळली तेवढी कापली. बस एवढीशी." त्यांनी पहिल्या बोटाचं वरचं पेर दाखवलं. "बाकी पूरा माल ओरिजनल हाय. आन, आत्ताच्या आत्ता दुसरी भरून देतो, फ्री."

बोटाचं एक पेर. त्या गाण्याची एक मात्रा टेपवर बरोबर तेवढी बसत होती. चाचा एक केस इकडे तिकडे कापते तर नुसती चूक ऐकू आली असती आणि मी लगेच तक्रार घेऊन आलो असतो. ते तुकडे कुठे जातात असं मी विचारलं. लहान झाडून टाकतो, ते म्हणाले, आणि लांब असले की गोंडपिपरीकडचे शेतकरी धानाच्या बांधावर ताणायला नेतात, वाऱ्यावर टेप वाजते, पोपट येत नाहीत.

"तं भरू काय दुसरी?"

"नको चाचा. याचीच एक कॉपी भरा. तशीच."

चाचांनी माझ्याकडे फार काळजीने पाहिलं.

पुढे सव्वा वर्षाने साहेबांची बदली झाली. निरोप समारंभ त्याच मैदानावर, ऑर्केस्ट्रा भाऊंचाच. साहेब म्हणाले, जाता जाता तिसरं गाणं होऊन जाऊ दे. मला तेच हवं होतं. या वेळी त्यांच्या शब्दाला बट्टा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. महिनाभर आधीच त्यांची सीडी मागून घेतली आणि चाचांकडून तिची दुसरी, शाबूत कॅसेट भरून आणली. अंगणात रोज सात, सात, सात, सात. हातात मुरलेलं ते सहा काढताना मला काय यातना झाल्या ते आईला विचारा. ती म्हणायची, आता बरोबर वाजवून राह्यला तं रडतो कायले?

गाणं सुरू झालं. भाऊ स्टेजच्या कडेला कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. दुसरं कडवं संपलं, साहेब थांबले, माझ्याकडे पाहून हसले. सात. सात. सात. चौथं आवर्तन मी काळजीपूर्वक, पूर्णच्या पूर्ण वाजवायला घेतलं, आणि सहाव्या मात्रेनंतर साहेबांचं गिटार धाडकन अंगावर आलं.

ते माझ्यासाठी सहा शिकून आले होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग आम्ही वाजवणंच सोडून दिलं. ते हसत गुडघ्यावर बसले, मी झांज धरून हसत होतो आणि डोळे पुसत होतो. लोकांना वाटलं गाणं इथेच संपतं. टाळ्या पडल्या.

स्टेजमागे भाऊ आले. साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो.

"भाऊ, चूक माझी. आणि मागच्या वेळची पण माझीच होती. साहेब तेव्हा खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं. सेट मी घरी नेतो."

भाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. घाईत कधीच नव्हते ते.

"मी तीस वर्षं पेटी वाजवली," ते म्हणाले. "सातातली एक मात्रा कोनं खाल्ली, हे मले त्या दिवशी नाई समजलं, असं वाटलं काय तुले?"

मी काड्या पाठीमागे लपवल्या.

"एवढा मोठा सायेब तुयासाठी खोटं बोलून राह्यला, मंग मी काऊन खरं बोलू? पन तू कधी सांगते, हे मी पाहून राह्यलो होतो. सव्वा वर्ष लागलं तुले, लेका." त्यांनी चष्मा घातला आणि ऑक्टोपॅड माझ्या हातात दिला. "हे मांडीवर घेऊन बस. सेट टेम्पोत मागं टाक. मोठा ढोल पहिले."

मोठ्या ढोलाची एक बाजू मी धरली, दुसरी साहेबांनी, आणि आम्ही तो टेम्पोत चढवला.